बारा पावलं मागे

७ एप्रिल

आले बाई एकदाची! कोरेगावहून पहाटेच्या एसटीने निघाले, कराडला गाडी बदलली, इस्लामपूरच्या स्टँडवर वडापाव खाल्ला आणि दुपारी दीडला सांगलीत उतरले. तिथून रिक्षाने पंचवीस मिनिटं. दोन बॅगा, एक गादी, एक कुकर आणि ही कोरी वही. आई म्हणाली होती, पोहोचल्यावर रडू येईल. कुठलं काय! सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या कुलपाच्या खोलीत राहणार आहे. रडू कशाला?

नोकरी हळदीच्या पेवांवर. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखा फुगवटा. आत कडेने उसाचा पाला लावायचा, मधे हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून चिखलाने लिंपायची. आत हवा नाही म्हणून कीड नाही, म्हणून औषध मारायला नको. परदेशी गिऱ्हाइकांना अशी बिनऔषधाची हळद हवी झालीय, म्हणून मालक भरतेशअण्णांनी जुनी पेवं पुन्हा चालू केलीत आणि हळद तपासायला मला नेमलंय. हुद्दा 'गुणवत्ता अधिकारी'. बाबांनी फोनवर दोनदा म्हणायला लावलं.

खोली अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे, चंदनबाला अक्कांकडे. जैन घर, चूल सूर्य मावळायच्या आत बंद. उशीर झाला तर ताट झाकून ठेवणार नाही, हे त्यांनी मी बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. बरं बाई.

८ एप्रिल

आज पहिला दिवस. पेवांचं रान गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला. वरून बघितलं तर नुसतं गवत आणि मधे मधे चुन्याने आकडे घातलेल्या फरश्या. अठरापैकी सात पेवं चालू आहेत. बाकीची महापुरात खचली आणि बुजली, असं अण्णा म्हणाले. रानात मळलेली पायवाट एकच. ती कचेरीच्या पत्र्याच्या शेडपासून मागच्या बांधापर्यंत जाते. बांधापलीकडे अक्कांचं घर.

बिरदेवमामा इथले सगळ्यात जुने. सत्तरीला आलेत आणि पोरवयापासून पेवात उतरतात. त्यांनी मला उतरायची रीत दाखवली. फरशी काढून पेव उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. "कंदील इझला तर मानूस खाली जात न्हाई. येवढंच शास्तर." मी म्हटलं, आता हवा मोजायची यंत्रं मिळतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हळद खाणारी म्हैस आहे.

एकूण माणसं तुसडी. हळद निवडणाऱ्या बायका मी शेडमध्ये गेले की बोलायच्या थांबतात. मुकादम जयराज तर नमस्कार केला तरी मान फिरवतो. आटपाडीकडचा आहे, तिशीचा, उंच, हाडापेराने मजबूत, चपला न घालता चालतो. मला काय, माझं काम बोलेल.

१० एप्रिल

हा जयराज माझ्या मागून चालतो.

काल वाटलं योगायोग असेल. आज मुद्दाम बघितलं. मी तीन नंबरच्या पेवाकडे गेले, हा मागे. परत शेडकडे आले, मागे. मी थांबले की थांबतो, चालले की चालतो, अंतर तेवढंच. मोजलं मी. बारा पावलं. संध्याकाळी घरी निघाले तर बांधापर्यंत मागोमाग आला आणि मी दारात शिरेपर्यंत बांधावर उभा. वळून विचारलं, काय काम आहे? त्याची नजर माझ्या तोंडावरही नाही, माझ्या पायांवर.

सगळे बघतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचीच मला जास्त चीड आली.

१२ एप्रिल

अण्णांकडे तक्रार केली. हसले! म्हणाले, चाळीस दिवस कळ काढा मॅडम, नंतर तुमचं तुम्हालाच काही वाटणार नाही. म्हणजे छळाची सवय लावून घ्यायची. बिरदेवमामांना विचारलं तर तंबाखू मळत दुसरीकडे बघत राहिले. अक्का म्हणाल्या, आमच्या रानात आजवर कुणाच्या लेकीसुनेला धक्का लागलेला नाही, उगाच गावभर करू नकोस.

ठीक आहे. कुणी बघणार नसेल तर मी बघून घेते. हवालदाराची पोरगी आहे मी.

१३ एप्रिल, रविवार

सांगलीला जाऊन टॉर्च आणली. बाबांशी काल रात्री तासभर बोलले. त्यांचं म्हणणं, चाकूबिकू नको, तो दुसऱ्याच्या हातात जातो. तिखटाचा फवारा वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येतो. जोरदार टॉर्च मात्र कुणाच्या बापाला ओळखत नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत झोत गेला की चार-पाच सेकंद माणूस आंधळा. तेवढ्यात आपण निघायचं.

पेठेतल्या दुकानदाराने आधी मला बाईमाणूस समजून गुलाबी चार्जिंगची बॅटरी दाखवली. मग एक हातभर लांब धूड काढलं आणि म्हणाला, पाच किलोमीटर फोकस. मी म्हटलं, मला चंद्रावर उजेड पाडायचा नाही, दहा-पंधरा फुटांवरच्या माणसाचे डोळे दिपवायचेत. मग खालच्या फळीवरून खरा माल निघाला. बारीक, वितीएवढी, जाड ॲल्युमिनियमची. बाराशे लुमेन. पण बाबांनी बजावलं होतं, नुसत्या लुमेनवर जाऊ नको. उजेड फैलावून गेला तर उपयोग नाही, मधला झोत एकवटलेला हवा. दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावून भिंतीवर मारून बघितला. बटण शेपटीला हवं, म्हणजे मुठीत धरून अंगठ्याने दाबता येतं. आणि लुकलुक वेगळ्या बटणावर हवी. घाबरलेला माणूस तीनदा बटण दाबत बसत नाही. ही लुकलुक साधी नाही, इतक्या भराभर होते की समोरच्याला तोल सांभाळता येत नाही. दुकानदारच फळीला धरून बास बास म्हणाला.

सेलवरून वाजलं. त्याने पिवळ्याधमक वेष्टनाचे सेल पुढे केले, वर छापलेलं ९९०० एमएएच. मी म्हटलं, एवढ्या आकारात एवढी ताकद मावत नाही, हे सेल खोटं बोलतात. हातात घेतले तर पिसासारखे हलके. शेवटी नावाजलेल्या कंपनीचे ५००० चे दोन जाड सेल मिळाले, आतून संरक्षण असलेले, आणि सुट्या सेलसाठी प्लास्टिकची डबी. सेल पर्समध्ये किल्ल्यांबरोबर मोकळा टाकायचा नाही, धातूला धातू लागला की पेटतो. जुना-नवा सेल एकत्र वापरायचा नाही. दर रविवारी चार्ज करायचा, वापरला नसला तरी.

खूप दिवसांनी एवढं बरं वाटलं. येताना रिक्षात पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

१५ एप्रिल

बाबांनी व्हिडिओ कॉलवर कवायत घेतली. टॉर्च खांद्याच्या उंचीला धरायची, काखेत नाही. झोत छातीवर नाही, डोळ्यांत. लुकलुक चालू करून स्वतः दोन पावलं बाजूला व्हायचं, कारण समोरचा उजेडावरच झेप घेतो. मग पळायचं, वाट बघत बसायचं नाही. आई मागून ओरडत होती की पोरीला नोकरीला पाठवलंय की सीमेवर.

अक्कांनी दारातून बघितलं आणि विचारलं, कुणाला मारणार आहेस? मी म्हटलं, जो मागे येईल त्याला. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

१७ एप्रिल

जयराज आजही मागे. उद्या चार नंबरचं पेव उघडायचंय, गेल्या वर्षीचा माल, अर्धं भरलेलं. टॉर्च आता पर्समध्ये नाही, ओढणीखाली मुठीतच असते.

१८ एप्रिल

लिहिते. लिहिलं की नीट आठवेल.

वजनांच्या पावत्या करता करता सात वाजले. बायका गेलेल्या. जेवण चुकणार म्हणून घाई होती, म्हणून मी पायवाट सोडली आणि गवतातून तिरपी निघाले. मागे पावलं होतीच. पण आज पहिल्यांदा ती जवळ आली. बारा नाही, आठ, पाच. तो पळत येत होता. मी वळले आणि बटण दाबलं. लुकलुक. बरोब्बर डोळ्यांत.

त्याने हात आडवा डोळ्यांवर धरला आणि मागे सरकला. एक पाऊल, दोन, तीन. मग तो दिसेना.

चार नंबरचं पेव सकाळपासून उघडं होतं.

ओरडला नाही. पोतं खाली ठेवल्यासारखा आवाज आला, बस. मी कडेला जाऊन आत उजेड मारला. वरपासून खालपर्यंत लख्ख दिसलं. तो हळदीच्या ढिगावर पाठीवर पडला होता, निळा शर्ट, उजवी बाही खांद्यावर उसवलेली. डोळे उघडे. हाताची बोटं हलत होती. मला वाटतं त्याला मी दिसत नव्हते, नुसता उजेड दिसत असेल.

मी पळाले. बाबांनी सांगितल्याप्रमाणे.

शिडी तिथेच होती. धडधाकट माणूस आहे. येईल चढून. अक्कांनी ताट झाकून ठेवलं होतं, आश्चर्यच. मी जेवले.

१९ एप्रिल

सकाळी आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस पेवात गेला तर माल नासतो, म्हणून अण्णांनी चार नंबर लगेच बंद करायला सांगितलं. मी पोहोचले तेव्हा चौघे फरशी ओढत होते. खाली बघायची रीत उतरताना असते, झाकताना नसते. कुणी बघितलं नाही.

मी कडेला उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं. आतही बघितलं नाही मी. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

फरशी बसली. बिरदेवमामांनी चिखल थापला. जयराज आज आलेला नाही, असं कुणीतरी म्हणालं. अण्णा म्हणाले, गेला असेल आटपाडीला.

गेला असेल. रात्रीच चढून वर आला असेल आणि गेला असेल.

२२ एप्रिल

पायवाटेवरून चालले होते तर बिरदेवमामांनी हाक मारली, काठी घेऊन मला गवतात नेलं आणि काठी जमिनीत खुपसली. काठी हातभर आत गेली. खाली पोकळी. मी त्या दिवशी तिरपी जात होते, ती जागा.

मग आपणहून बोलले. महापुरात खचलेल्या पेवांची तोंडं गवताखाली कुठे कुठे आहेत हे नव्या माणसाला कळत नाही. म्हणून इथली रीत अशी की नवं माणूस आलं की चाळीस दिवस त्याच्या मागून एकाने चालायचं. बारा पावलं मागे, अनवाणी, म्हणजे जमीन पोकळ असली तर तळव्याला कळते. पाय चुकीकडे वळला की धावून धरायचं. बोलायचं नाही आणि त्या माणसाला सांगायचंही नाही. "सांगितलं की मानूस मागं बघत चालतंय. आन् मागं बघत चालनारा पेवात जातोय." जयराज असताना मी निर्धास्त होतो, आता तो नाही तर तुमचं तुम्हालाच दाखवतो, असं म्हणाले.

मी त्यांना काय सांगितलं? बरं झालं दाखवलंत, म्हटलं. एवढंच.

तो मला धरायला धावला होता.

२४ एप्रिल

आज संध्याकाळी पायवाटेवर मागून पावलं. अनवाणी.

वळून झोत मारला. कुणी नाही. गवतही हललं नाही.

२५ एप्रिल

पुन्हा. मी थांबले की थांबतात. बारा पावलं.

दोन्ही सेल चार्ज केले. उजेड पहिल्यासारखाच लख्ख आहे. त्यात काहीच दिसत नाही, यात टॉर्चचा दोष नाही.

२७ एप्रिल

रविवार म्हणून कोरेगावला गेले. आई म्हणाली वाळलीस. बाबांनी टॉर्च हातात घेऊन बघितली, वापरली का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. आमच्या घरामागच्या बोळात मागून पावलं. तिथे ना पेव, ना हळद.

राजीनामा लिहिला होता. पण मी गेले आणि मागून पेव उघडलं तर सगळे माझंच नाव घेतील. परत आले.

२८ एप्रिल

दिसला.

साध्या झोतात काही नव्हतं. अंगठा चुकून दुसऱ्या बटणावर गेला. लुकलुक लागली आणि तेवढ्या लुकलुकीत — हात डोळ्यांवर आडवा. मागे मागे सरकत होता, त्या दिवशीसारखाच. पण मागे सरकताना तो दूर जात नव्हता. प्रत्येक उजेडाला थोडा जवळ.

टॉर्च खाली पडली. उचलली तेव्हा रान रिकामं.

आज सकाळी तर माझ्या दाराबाहेर पायाचे ठसे होते. पिवळे. अक्कांनी पुसून काढले आणि मला म्हणाल्या, पाय धुऊन येत जा.

माझे पाय एवढे मोठे नाहीत.

४ मे

जयराजची आई आली. मनुबाई. आटपाडीहून दोन गाड्या बदलून, कमरेला पिशवी बांधून. बारकी, वाकलेली. लेक आठवड्याला फोन करतो, दोन आठवडे फोन नाही. अण्णांनी रानातल्या शेडमध्ये राहायला जागा दिली. सगळ्यांना एकच सांगतेय, "माजा जयराज न सांगता कुटं जात न्हाई."

मी पाणी दिलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

६ मे

मनुबाईला लिहिता येत नाही. लेक हरवल्याचा अर्ज पोलिसांत द्यायचाय, तो लिहायला अण्णांनी मला बसवलं. मी शिकलेली ना.

नाव, वय, उंची, रंग. ती सांगत होती, मी लिहीत होते. मग वाचून दाखवलं. अंगात निळा शर्ट, उजवी बाही खांद्यावर उसवलेली.

तिने अंगठ्याला शाई लावता लावता हात थांबवला. मग म्हणाली, "म्या तर शर्टाचं काय सांगितलंच न्हाई, पोरी. तुज्या बरं ध्यानात हाय."

मी म्हटलं, रोज बघत होते ना.

व्हय, म्हणाली. अंगठा उठवला.

लाज वाटते. स्वतःची किळस येते. रात्री तीनदा उठून अक्कांच्या दारापर्यंत गेले. दार वाजवलं नाही.

९ मे

पावलं बदललीत. हलकी झालीत, छोटी. मधेच फरफटतात. मागे झोत मारायचा धीर होत नाही. अंतर आता बारा राहिलेलं नाही, नऊ-दहा.

दिवसासुद्धा मी सारखी मागे बघत चालते. आज पाय सहा नंबरच्या फरशीला अडकून मी पडले. हसल्या निवडणाऱ्या बायका.

१२ मे

लुकलुक वापरायची नाही असं ठरवलंय. साध्या झोतात तो दिसत नाही. मग फक्त ऐकू येतो. कुठलं बरं, कळत नाही. सेल काढून डबीत ठेवले. बिनसेलाची टॉर्च हातात घेऊन चालले. मागून खोकला आला.

मेलेली माणसं खोकतात का —

१४ मे

अण्णांनी सांगितलं. परवा दिवशी गावची जत्रा सुरू, म्हणून शनिवारी सकाळी चार नंबर उघडून ठेवायचं, रविवारी जत्रा संपली की माल काढायचा.

रविवारी बिरदेवमामा कंदील सोडतील. कंदील विझला नाही की उतरतील.

मधे तीन दिवस.

१५ मे

त्याच्या आईला मीच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. खाली तिचा लेक मिळाला असं जत्रेच्या गर्दीत कुणी ओरडून सांगेल आणि ती धावत येईल, हे मला बघवणार नाही. आज शेडपर्यंत गेले. ती तिथे नव्हती. संध्याकाळची कधीच नसते. कुठे जाते?

१७ मे, दुपार

चाळिसावा दिवस. सकाळी फरशी काढली. कुणी आत बघितलं नाही. सगळे जत्रेला गेले. अक्कासुद्धा.

आज सांगते. काहीही होवो, आज सांगते. शेडमध्ये बसून राहीन ती येईपर्यंत. टॉर्च बरोबर घेतलीय, सेल घालून. येताना अंधार होईल म्हणून फक्त —

१७ मे, सात वाजून वीस

मी चार नंबरच्या कडेला आहे. बिरदेवमामांना फोन लागला, तिसऱ्यांदा. ढोल वाजत होते, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. येतोय म्हणाले. कंदील घेऊन येतो, तवर खाली उतरू नगा, ओरडून ओरडून तेच. वीस मिनिटं लागतील. पोलिसांना फोन केला, येतो म्हणाले. तोवर काय करू. वही पर्समध्ये होती. लिहिते. कुणाला तरी कळायला हवं.

शेडमध्ये तासभर वाट बघितली. आली नाही. निघाले, ती चार नंबरच्या कडेने. मागून पावलं. हलकी, फरफटणारी. पाच. चार. मानेवर श्वास आल्यासारखा. माझ्याने सहन झालं नाही. वळून दाबलं. लुकलुक. हात डोळ्यांवर आडवा, मागे सरकणारा, तसाच — पण बुटका. मला वाटलं भीतीने बुटका दिसतोय.

पदर होता. मी पदर बघितला आणि बटण सोडेपर्यंत

पोतं ठेवल्यासारखा आवाज.

बिरदेवमामांनी आत्ता फोनवर सांगितलं. रोज संध्याकाळी मनुबाईच चालायची तुमच्या मागं. लेकाचं काम अर्धं राहिलंय, चाळीस दिवस मी पुरे करते म्हणायची. रीत म्हणून आम्ही बोललो नाही.

शेडमधला कंदील पेटवून सोडला. दोन माणसं बुडतील एवढ्या खोलीवर विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. टॉर्चला काही होत नाही. टॉर्च लख्ख. सगळं दिसतंय. खाली दोघं आहेत.

तो सुकलाय. कुजला नाही. तोंडाला, हातापायांना हळद. नवरदेवाला लावतात तशी. ती त्याच्याजवळ सरकत सरकत गेली आणि आता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. तोंडावरून हात फिरवतेय. जिवंत आहे. मी हाका मारतेय, वर बघा, शिडी सोडते. ती बघत नाही. तिचा श्वास मला इथे ऐकू येतोय.

सांगितलं. वरून ओरडून सांगितलं सगळं. मी पाडला त्याला. फरशी लावताना मी गप्प बसले. तिने मान हलवली. तिला कधीचं माहीत असावं. की माहीत नव्हतं. कळत नाही —

शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून बसलेय. उतरले तर मीही. नाही उतरले तर ती. पाचेक मिनिटं झाली असतील. बिरदेवमामांचा पत्ता नाही. ढोल वाजतातच आहेत.

माझ्या मागे कुणीतरी आहे. अनवाणी. थांबलंय. बघणार नाही मी. टॉर्च खाली धरलीय, तिच्यावर, हलू देणार नाही.

तिने वर बघितलं. आता बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे. ओळखीचं कुणी दिसल्यासारखी हसली. बोलतेय. अगदी हळू. म्हणाली, जयराज, पोरीला —